मांडीतली दहा इंजेक्शनं

आमच्या घरी माळ्यावर एक निळा थर्मास आहे. झाकणाला तडा गेलाय, पट्टा तुटलाय. त्यातून चहा कुणी कधी प्यायलेला नाही. २००३च्या पावसाळ्यात अण्णा आणि मी दर आठवड्याला परळला जायचो. येताना त्या थर्मासात बर्फ असायचा आणि बर्फात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तीन काचेच्या कुप्या. एसटी कसारा घाट चढून घोटीवरून राजूरकडे वळली की अण्णा झाकण उघडून बघायचे, बर्फ किती उरलाय. अकोल्यात पोचेपर्यंत बहुतेक वेळा पाणीच उरायचं. (अकोले, नगर जिल्हा. विदर्भातलं अकोला नव्हे. हे आम्हांला आयुष्यभर सांगावं लागतं.)

घरी जायच्या आधी आम्ही दुधाच्या शीतकरण केंद्रावर उतरायचो. अण्णा तिथं फॅट काढायच्या टेबलावर होते. दूध चार अंशांपर्यंत थंड ठेवायचं असतं. कुप्यांच्या खोक्यावर लिहिलेलं होतं, दोन ते आठ अंश. तालुक्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, पण केंद्राला जनरेटर होता, कारण दूध नासलं तर अख्ख्या गावाचं नुकसान. तर माझं औषध गावाच्या दुधाशेजारी राहायचं. दिवसाआड सकाळी अण्णा एक कुपी काढायचे आणि मोटारसायकलवरून मला संगमनेरच्या डॉक्टरांकडे न्यायचे. एक दिवस डावी मांडी, पुढच्या वेळी उजवी. असं दहा वेळा. त्याआधी परळला वॉर्डात अशीच दहा झाली होती.

मी तेव्हा सात वर्षांची होते. मला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला होता, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा. त्या कुप्यांमधल्या पांढऱ्या भुकटीचं नाव एल-ॲस्पॅराजिनेज. आज मी तिशीला टेकले आहे. हे औषध कुठून आलं, कुणाकुणाच्या हातून आलं आणि अकोल्यापर्यंत कसं पोचलं, हे मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचत आले. त्याचाच हा हिशेब.

आधी टायफॉइड, मग अशक्तपणा

सुरुवात तापानं झाली. होळीच्या आसपास. एका डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, दुसऱ्यांनी अंगात रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. मी शाळेत प्रार्थनेला उभी राहिले की बसायची. पायावर निळे डाग उठायला लागले, तेव्हा आईला वाटलं शाळेत कुणी मारतंय. आजी रोज संध्याकाळी दुधातून शतावरी कल्प द्यायची. शतावरी आमच्याकडं विकत आणायची वस्तू नव्हे. हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या रानात तिच्या काटेरी वेली असतात आणि मुळ्या खणून आणणारी माणसं ओळखीची असतात.

शेवटी संगमनेरच्या एका लॅबमधल्या माणसानं रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि रिपोर्ट लिहायच्या आधी डॉक्टरांना फोन केला. पांढऱ्या पेशी भरमसाट होत्या आणि त्या कच्च्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, हे आपण शाळेत शिकतो. या आजारात हाडांच्या मगजात एक शिपाई बिघडतो, मोठा व्हायचं विसरतो आणि फक्त आपल्यासारखेच आणखी तयार करत राहतो. त्यांच्या गर्दीत तांबड्या पेशींना जागा राहत नाही, म्हणून धाप. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी पडतात, म्हणून निळे डाग. कामाचे शिपाई उरत नाहीत, म्हणून ताप.

१९४०च्या दशकापर्यंत या आजारावर काहीच नव्हतं. मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायचं. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध देऊन पाहिलं आणि १० मुलांचा आजार काही काळासाठी मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथले प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षी ते वारले. आज मुलांना तोंडानं आणि पाठीच्या कण्यातून दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं औषध. पण त्या पहिल्या मुलांचा आजार परत आला. एका औषधानं काम भागत नव्हतं. वेगळ्या बाजूनं घाव घालणारं दुसरं काही हवं होतं.

शतावरीच्या भावंडातून

इथं दीडशे वर्षं मागे जावं लागतं. १८०६ साली पॅरिसमध्ये व्होकलँ आणि रोबिके या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ॲस्पॅरागसच्या कोंबांचा रस आटवला आणि त्यात त्यांना स्फटिक मिळाले. त्या पदार्थाला पुढं ॲस्पॅराजिन नाव पडलं. प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं. त्यांतलं हे माणसानं वेगळं काढलेलं सगळ्यात पहिलं. आणि ॲस्पॅरागस म्हणजे आपल्या शतावरीचं सख्खं भावंड. शतावरीचं शास्त्रीय नावच ॲस्पॅरागस रेसिमोसस आहे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजी आठवली. ज्या कुळाच्या मुळ्या ती दुधात कालवत होती, त्याच कुळावरून नाव पडलेला एक पदार्थ माझ्या रक्तातून संपवणं हा पुढं माझा उपचार ठरणार होता. कल्पानं आजार वाढला, असं मात्र समजू नका. ॲस्पॅराजिन बटाट्यात असतं, डाळीत असतं आणि शरीर स्वतःही ते बनवतं. परळच्या डॉक्टरांनी बाहेरची सगळी औषधं बंद करायला सांगितली तेव्हा कल्पही बंद झाला. आजीला ते लागलं. तिच्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं.

गिनीपिगचं रक्त

१९२२ साली क्लेमेंटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं एक नोंद केली. गिनीपिगच्या रक्तात ॲस्पॅराजिन तोडणारं विकर आहे, जे बाकीच्या बहुतेक सस्तन प्राण्यांच्या रक्तात सापडत नाही. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. ही नोंद तीस वर्षं तशीच पडून राहिली. तिचा उपयोग काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

१९५३ साली न्यू यॉर्कमध्ये कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन किड उंदरांमधल्या लसिकापेशींच्या गाठींवर प्रयोग करत होते. सशांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांनी या गाठी मरतात का, हे त्यांना पाहायचं होतं. प्रतिपिंडांना काम करायला रक्तातले आणखी काही घटक लागतात आणि ते मिळवायला त्या काळी सर्रास गिनीपिगचं रक्तद्रव वापरत. चांगला प्रयोग करणारा माणूस तुलनेसाठी काही उंदरांना नुसतंच गिनीपिगचं रक्तद्रव टोचतो. किड यांनी तेच केलं. आणि गाठी विरघळल्या त्या नुसतं रक्तद्रव दिलेल्या उंदरांमध्येही. घोड्याच्या आणि सशाच्या रक्तद्रवानं मात्र काही झालं नाही.

गिनीपिगच्या रक्तात असं काय होतं? किड यांना ते सापडलं नाही. उत्तर १९६१ साली जॉन ब्रूम यांनी दिलं. त्यांनी दोन जुन्या नोंदी शेजारी ठेवल्या. एक क्लेमेंटींची. दुसरी १९५६ची, न्यूमन आणि मॅकॉय यांची, की काही कॅन्सरपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या तर त्यांना बाहेरून ॲस्पॅराजिन घालावं लागतं. ब्रूम यांनी दाखवून दिलं की गाठी विरघळवणारी वस्तू म्हणजे तेच विकर, ॲस्पॅराजिनेज.

ते काम कसं करतं, हे मी माझ्या मैत्रिणींना पुण्याच्या मेसवरून सांगते. दिवाळीत मेस बंद होतात. ज्यांच्या खोलीत गॅस आहे ते खिचडी लावतात आणि निभावतात. जे निव्वळ मेसवर जगतात त्यांचे हाल होतात. आपल्या निरोगी पेशींकडं ॲस्पॅराजिन बनवायचा गॅस असतो. ल्युकेमियाच्या या पेशींकडं तो नसतो, किंवा असला तरी अगदी मंद. त्या रक्तातलं आयतं ॲस्पॅराजिन उचलतात. ॲस्पॅराजिनेज रक्तातल्या ॲस्पॅराजिनचे दोन तुकडे करतं, ॲस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया. मेस बंद. पेशींना प्रथिनं बनवता येत नाहीत आणि त्या मरतात.

बाकीची बरीचशी कॅन्सरची औषधं वाढणाऱ्या पेशींवर सरसकट घाव घालतात, म्हणून केस जातात, तोंडात फोड येतात. ॲस्पॅराजिनेज कॅन्सरपेशीची नेमकी उणीव धरतं. कॅन्सरवर औषध म्हणून उभं राहिलेलं हे पहिलं विकर.

जंतूचं देणं

पण गिनीपिग केवढा असतो? एका मुलाला पुरेल एवढं विकर काढायचं तर किती गिनीपिग लागतील? १९६६ साली अमेरिकेत गिनीपिगच्या रक्तातून काढलेलं विकर ल्युकेमिया झालेल्या एका मुलाला दिल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तो रस्ता तिथंच थांबणार हे उघड होतं.

वाट दोन वर्षं आधीच निघाली होती. १९६४ साली डेलावेअर विद्यापीठात लुईस मॅशबर्न आणि जॉन रिस्टन यांनी दाखवलं की ई. कोलाय या जंतूपासून काढलेलं ॲस्पॅराजिनेजही उंदरांच्या गाठी विरघळवतं. ई. कोलाय म्हणजे तुमच्या-माझ्या आतड्यात राहणारा जंतू. पिण्याच्या पाण्यात सापडला तर ग्रामपंचायतीला नोटीस येते, तोच. तो पिंपांमध्ये हवा तेवढा वाढवता येतो. १९६७ साली या जंतूपासून काढलेल्या विकरानं ल्युकेमिया मागे हटल्याचे पहिले अहवाल आले. १९७८ साली अमेरिकेत औषधाला रीतसर परवानगी मिळाली.

जंतूपासून आलेलं प्रथिन म्हटल्यावर दोन अडचणी आल्याच. पहिली, ते नाजूक. उष्णतेनं त्याची घडी मोडते, अंडं उकडल्यावर जसं परत पातळ होत नाही तसं. म्हणून थर्मास. दुसरी, शरीर त्याला परकं ओळखतं. काही मुलांना इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठतात, काहींचा श्वास कोंडतो. म्हणून संगमनेरचे डॉक्टर इंजेक्शन दिल्यावर मला तासभर बाकावर बसवून ठेवायचे. अशा मुलांसाठी दुसऱ्या जंतूपासून, एर्विनियापासून काढलेलं ॲस्पॅराजिनेज असतं. एर्विनिया कुळातले जंतू पिकांना मऊकूज लावतात. कांद्याच्या चाळीत शिरल्यावर जो कुजका वास नाकात बसतो, त्यात याच जातीच्या जंतूंचा वाटा असतो. नगर जिल्ह्यातल्या माणसाला तो वास वेगळा सांगायला नको. शेतकऱ्याचा कांदा नासवणाऱ्यांचा एक भाऊबंद मुलं वाचवतो, हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते नुसतेच हसले. त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता.

आणखीही त्रास असतात. यकृत आणि स्वादुपिंड सतत प्रथिनं बनवत असतात, त्यांनाही ॲस्पॅराजिनची टंचाई जाणवते. साखर वाढते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. परळला असताना मला तूप, तळलेलं सगळं बंद होतं. दुधाच्या गावची पोर आणि साय काढलेलं दूध.

परळ, आणि त्याआधी मेहेरबाई

टाटा मेमोरियलच्या आवारात मी कितीदा गेले याची मोजदाद नाही. पण ते हॉस्पिटल ल्युकेमियामुळेच उभं राहिलं, हे मला खूप उशिरा कळलं.

लेडी मेहेरबाई टाटा या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि बालविवाहाच्या विरोधात जाहीर बोलणाऱ्या. १९३१ साली त्या ल्युकेमियानं वारल्या. उपचार परदेशात चालले होते, पैशाला तोटा नव्हता, तरी उपयोग झाला नाही, कारण तेव्हा जगात कुठंच औषध नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. जाण्याआधी त्यांनी मेहेरबाईंच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास केला, जो आजही जगभरच्या संशोधकांना पैसे देतो. मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा पुढं विकला गेला आणि त्याचे पैसे दोराबजींच्या न्यासात गेले. त्याच न्यासानं परळला हॉस्पिटल बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ला ते सुरू झालं. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडं आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडं गेलं. म्हणून तिथं अकोल्याचा फॅट काढणारा माणूसही मुलीला घेऊन जाऊ शकतो.

पण हॉस्पिटल असणं आणि मुलं वाचणं यात बरंच अंतर होतं. १९८०च्या आधी भारतात हा आजार झालेल्या मुलांपैकी साधारण पाचातलं एक मूल दीर्घकाळ जगायचं. औषधं तर माहीत होती. मग कमी काय पडत होतं? डॉ. सुरेश अडवाणी तेव्हा टाटामध्ये होते. लहानपणी पोलिओ झाल्यानं चाकाच्या खुर्चीतून काम करणारे हे डॉक्टर, १९८३ साली देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणारे. १९८४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले इयन मॅग्रथ आणि भारतातली तीन केंद्रं, मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट, यांनी मिळून एक समान उपचारपद्धती ठरवली. नाव रुक्ष आहे, एमसीपी ८४१.

तिची ताकद नव्या औषधात नव्हती. कुठल्या दिवशी कुठलं औषध, किती, किती वेळ, हे एका कागदावर आलं. त्यात ॲस्पॅराजिनेज होतं, दर चौरस मीटर अंगामागे ६००० युनिट, मांडीत, दिवसाआड, दहा वेळा. माझ्या फाइलमध्ये तो तक्ता अजून आहे. दहा चौकोन आणि प्रत्येकात सिस्टरची सही, मग पुन्हा दहा चौकोन आणि त्यात संगमनेरच्या डॉक्टरांची सही. कागद एकच असल्यामुळं परळचा डॉक्टर आणि संगमनेरचा डॉक्टर एकमेकांना न भेटता माझ्यावर उपचार करू शकत होते. या पद्धतीनं तीन केंद्रांमध्ये वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण दहात चार ते सहापर्यंत गेलं. श्रीमंत देशांत आज ते दहात नऊच्या आसपास आहे.

शेजारची खाट

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर बुलढाणा जिल्ह्यातली एक मुलगी होती. माझ्याच वयाची. आम्ही दोघी टकल्या, दोघींना स्टेरॉइडनं गोल झालेली तोंडं. तिची आई माझ्या आईला ताई म्हणायची. इंजेक्शनच्या दिवशी आम्ही दोघी कोण कमी रडतं याची पैज लावायचो. चौथ्या की पाचव्या इंजेक्शननंतर तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. सिस्टर धावल्या, तिला वाचवलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध आता चालणार नाही, एर्विनियाचं मागवावं लागेल. ते परदेशी होतं आणि महाग होतं. समाजसेवा विभागानं अर्ज भरून घेतला, थोडं थांबा म्हणाले.

तिचे वडील दोन दिवसांनी आले. घरी दोन मुलगे होते, पेरणी तोंडावर होती. मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते. तिच्या आईचा आवाज आला नाही. सकाळी खाट रिकामी होती. तिनं आपली वेणी घालायची लाल रिबीन माझ्या उशाखाली ठेवली होती. केस नव्हते तरी ती रिबीन जवळ बाळगायची.

उपचार मध्येच सोडून जाणं हे भारतात या आजारानं मुलं जाण्याचं मोठं कारण राहिलं आहे. आणि देशातल्या कॅन्सर केंद्रांच्या नोंदींमध्ये मुलांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त दिसते. आजार मुलग्यांना थोडा अधिक होतो, हे खरं. पण सगळा फरक त्यानं भरून निघत नाही. उरलेल्या मुली हॉस्पिटलपर्यंत आलेल्याच नसतात, किंवा आलेल्या असतात आणि सकाळी खाट रिकामी असते.

आमच्याही घरात हे बोलणं झालं होतं. एका नातेवाइकानं अण्णांना सांगितलं होतं की पोरीच्या जातीवर किती घालवणार. अण्णांनी दोन गाई विकल्या आणि त्या नातेवाइकाकडं पुढची तीन वर्षं गेले नाहीत. मी वाचले ते विज्ञानानं, हे मी कुणालाही सांगेन. पण मी त्या विज्ञानापर्यंत पोचले ते या तीन वर्षांच्या अबोल्यानं.

जामखेडचा धडा

आमच्या जिल्ह्याला आरोग्याचा एक मोठा इतिहास आहे आणि तो अकोल्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला घडला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथं आलं. दुष्काळी तालुका. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्याचं काम शिकवलं. जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपण कसं करायचं, मुलाचं वजन का घटतंय हे कसं ओळखायचं. मुलं मरायची थांबायला लागली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला यायला लागले.

साखर-मिठाचं पाणी कुठं आणि जंतूपासून शुद्ध केलेलं विकर कुठं, असं वाटेल. मला ते एकाच साखळीचे दोन कडे वाटतात. ल्युकेमियाचं निदान प्रयोगशाळेत होतं, पण संशय गावात यावा लागतो. ताप उतरत नाही, पोर पांढरीफटक पडलीय, न पडता निळे डाग आहेत, तर टॉनिक न देता रक्त तपासा, एवढं कुणीतरी म्हणावं लागतं. माझ्या बाबतीत हे म्हणायला दोन महिने गेले. आता गावात आशाताई आहेत. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या कॅन्सरचे उपचार बसतात. गाई विकायची वेळ प्रत्येकावर येत नाही. पण साखळीतला पहिला कडा तोच आहे, जो जामखेडनं पन्नास वर्षांपूर्वी ओळखला.

कुपीत किती?

आता मुलांना बऱ्याच ठिकाणी पेग लावलेलं ॲस्पॅराजिनेज मिळतं. विकराला एका रासायनिक साखळीचं पांघरूण घातलेलं असतं, त्यामुळं ते शरीरात जास्त दिवस टिकतं आणि त्याची ॲलर्जीही कमी होते. दिवसाआडची दहा इंजेक्शनं जाऊन दोन आठवड्यांत एक भागतं. भारतीय कंपन्याही ते बनवतात. शिवाय हेच विकर, बुरशीपासून काढलेलं, आता बटाट्याच्या वेफर्सच्या आणि बिस्किटांच्या कारखान्यांतही जातं. बटाट्यातलं ॲस्पॅराजिन तळताना साखरेशी मिळून ॲक्रिलमाइड नावाचा अपायकारक पदार्थ बनतो, हे २००२ साली कळलं. आधीच ॲस्पॅराजिन तोडून टाकलं की तो कमी बनतो.

पण एक प्रश्न मला सुटत नाही. २०२० साली मुंबईच्या टाटाच्याच संशोधकांनी बाजारातल्या जेनेरिक ॲस्पॅराजिनेजची तुलना प्रसिद्ध केली. सगळ्या कुप्या सारख्या ताकदीच्या निघाल्या नाहीत. आणि मुलांच्या रक्तात मोजलं, तर बऱ्याच जणांमध्ये विकर पुरेसं काम करत नव्हतं. २०२३ साली ब्रिटनमधल्या शोधपत्रकारांनी हाच विषय जगभर मांडला. या औषधाचं असं आहे की ते हलकं असलं तर मुलाला त्रास कमी होतो. गांधी नाहीत, साखर नाही. आईबापांना वाटतं, औषध मानवलं. आजार परत येतो तेव्हा कारण कुपीत होतं, हे कुणाला कळत नाही. यावर उपाय आहे. इंजेक्शननंतर रक्तातली विकराची क्रिया मोजता येते. ती तपासणी मोठ्या केंद्रांत होते. ती प्रत्येक मुलाची व्हावी, एवढीच मागणी आहे.

हे वाचल्यापासून मी अण्णांच्या थर्मासाकडं वेगळ्या नजरेनं बघते. आम्हांला वाटायचं, बर्फ वितळला तर सगळं संपलं. बर्फ त्यांच्या हातात होता, म्हणून त्याची काळजी ते करू शकत होते. कुपीत आधीपासून किती होतं, हे त्यांच्या हातात नव्हतं. ते कुणाच्या तरी हातात असायला हवं.

गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारलं, त्या थर्मासाचं काय करायचं. २०२४ साली जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तालुक्याचा रस्ता रुंद झाला, शीतकरण केंद्रात नवी यंत्रं आली. अण्णा आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, राहू दे, कुणाला लागला तर देता येईल. मग थोड्या वेळानं म्हणाले, झाकण मात्र नवं बसवून घे.

मी बसवून घेतलं. लाल रिबीन त्यात ठेवली आहे. थर्मास कुणाला द्यायची वेळ आली, तर ती काढून घेईन.